पोकलेन दुपारी तापली की 'इंजिनशी संपर्क नाही' दाखवते : ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) बदलायच्या आधी काय काय मोजायचं?

गिरणाकाठ (धागाकर्ता)
मंडळी, चाळीसगाव भागात गाळ काढायच्या कामावरची २० टनी पोकलेन आहे. २४ व्होल्ट, कॉमन रेल इंजिन. सकाळी झकास चालते. बाराच्या पुढे ऊन चढलं की मॉनिटरवर इंजिन कंट्रोलरशी संपर्क तुटल्याचा इशारा येतो, आरपीएम आपोआप आयडलवर उतरतो आणि थ्रॉटलची डायल कितीही फिरवा, फरक पडत नाही. इंजिन बंद मात्र पडत नाही. बॉनेट उघडं टाकून अर्धा-पाऊण तास थांबलं की परत ठीक. नोंदीत एसपीएन (बिघाड कुठे) ६३९, एफएमआय (बिघाड कसला) ९ पुन्हा पुन्हा. फ्यूज शाबूत, बॅटऱ्या नव्या. 'ईसीएम बदला' असा सल्ला मिळालाय आणि मालक खर्चाला तयारही आहे. त्याआधी काय तपासायचं? मल्टीमीटर आहे, स्कोप (व्होल्टचा आलेख दाखवणारं यंत्र) नाही. लॅपटॉप आणि टूल लागलं तर मागवता येईल.

वायरमन_पाचोरा
भाऊ, ईसीएमला आत्ताच हात लावू नका.

६३९ म्हणजे जे१९३९ ची (अवजड मशीनच्या कंट्रोलरांनी आपसात बोलायची ठरलेली पद्धत) पहिली नेटवर्क लाइन. एफएमआय ९ म्हणजे निरोप ठरलेल्या वेळात आला नाही. कोणता पार्ट गेला हे या कोडवरून कळत नाही. 'मला अमक्याचं ऐकू येईना' एवढीच ती तक्रार. म्हणून आधी हे पाहा की तक्रार कोणाची आहे. मॉनिटर, मशीन कंट्रोलर आणि इंजिन ईसीएम, तिघांच्या नोंदी वेगवेगळ्या उघडा. मॉनिटर आणि मशीन कंट्रोलरचं आपसात बरं चाललंय आणि दोघंही इंजिनच्या नावाने ओरडतायत, तर बिघाड इंजिनकडच्या बाजूला. तिघंही एकमेकांच्या नावाने ओरडत असतील तर मुख्य लाइनच बसली आहे, म्हणजे कुठेतरी शॉर्ट, नाहीतर एखादा कंट्रोलर लाइन दाबून धरतोय.

इंजिन बंद पडत नाही ही खूण मोलाची आहे. ईसीएमचा सप्लाय पूर्ण गेला असता तर कॉमन रेल इंजिन जागच्या जागी बंद झालं असतं. ते चालतंय म्हणजे ईसीएम जागा आहे, इंजेक्टर उडवतोय. या धाटणीच्या मशीनमध्ये डायलची वायर मशीन कंट्रोलरला जाते आणि तिथून आरपीएमचा हुकूम कॅन लाइनवरून, म्हणजे कंट्रोलरांच्या आपसात बोलायच्या त्याच लाइनवरून, इंजिनला जातो. हुकूम आला नाही की ईसीएम स्वतःच सुरक्षित आयडल धरतो. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय.

नोंदी पुसण्याआधी स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. पुसल्यावर पहिला कोड कोणाचा आला हे परत सापडत नाही.

आप्पा_हायड्रोलिक
पाचोरेकरांशी सहमत, पण इंजिन चालू राहतं म्हणून सप्लाय तपासणं सोडू नका. नुसता मल्टीमीटर लावून २४ व्होल्ट दिसले याला काही अर्थ नाही. वायरचा एक तंतू शिल्लक असला तरी मीटर २४ दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही.

२४ व्होल्ट ७० वॅटचा हेडलाइटचा बल्ब घ्या. त्याला साधारण ३ अँपिअर लागतो. ईसीएमचा प्लग काढा आणि वायरिंगच्या बाजूला सप्लाय पिन व अर्थ पिन यांच्यामध्ये बल्ब जोडा. बल्ब लागलेला असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं सप्लाय पिनवर. तसंच मायनसकडे. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ उघडून घासा. वाटेत कुठे १ ओहमचा जरी अडथळा असला तरी या बल्बवर अडीच व्होल्टच्या आसपास गळतात, त्यामुळे दोष लपत नाही. बल्ब थेट ईसीएमच्या बारीक पिनांत खुपसू नका, पिनेच्या मापाची टेस्ट लीड वापरा.

इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.५ ते २८.५ डीसी हवेत. मग मीटर एसीवर टाका. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय असं धरा. तो गोंगाट सगळ्या लाइनवर चढतो आणि संपर्काचे कोड टाकतो. उन्हात तापल्यावर डायोड जास्त बिघडतो, त्यामुळे ही शक्यता तुमच्या लक्षणाशी जुळते.

कॅनवाला_भुसावळ
आता मुख्य मोजणी. जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच घोळ होतात.

कॅन लाइन म्हणजे पीळ दिलेल्या दोन वायरी, हाय आणि लो. मुख्य लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, ज्याला टर्मिनेटर म्हणतात. दोन्ही समांतर म्हणून मधून कुठूनही मोजलं तरी ६० ओहम यायला हवेत. जे१९३९ च्या वायरिंगमध्ये हाय बहुधा पिवळी आणि लो हिरवी असते, पण रंगावर विसंबू नका, त्या मशीनच्या वायरिंगची आकृती बघा. नऊ पिनांचा गोल डायग्नोस्टिक प्लग असेल तर सी पिन हाय, डी पिन लो, ए अर्थ आणि बी बॅटरी प्लस.

मोजायच्या आधी किल्ली बंद. दोन-तीन मिनिटं थांबा, कंट्रोलर झोपू द्या. युरियाची टाकी असलेल्या मशीनला युरियाची लाइन रिकामी होऊन दिवा विझेपर्यंत थांबायचं. मगच बॅटरी कटऑफ काढायचा. लाइन जिवंत असताना ओहम मोजले तर येणारा आकडा निव्वळ थाप असतो, कधी उणेसुद्धा दाखवतो. मीटरच्या लीड एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा ०.३-०.४ ओहम वजा करा.

६० च्या आसपास आले तर दोन्ही टर्मिनेटर आणि मधली लाइन जोडलेली आहे. १२० आले तर एक टर्मिनेटर तुटलाय किंवा मुख्य लाइन मध्येच तुटून तो पलीकडे राहिलाय. ४० आले तर कोणीतरी तिसरा १२० घुसवलाय. बाहेरून बसवलेला जीपीएस, किंवा आत टर्मिनेटर असलेला चुकीच्या पार्ट नंबरचा कंट्रोलर, हे त्याचे नेहमीचे मानकरी. शून्य ते ५ ओहम म्हणजे हाय-लो एकमेकींना चिकटल्यात. काही हजार ओहम आले तर दोन्ही टर्मिनेटर गायब. तेव्हा मीटर 'ओएल' (जोडच नाही) दाखवेल अशी वाट पाहू नका. जोडलेल्या कंट्रोलरांच्या आत प्रत्येकी काही दहा हजार ओहम असतात, ते समांतर होऊन आकडा दिसतोच.

मग हाय ते बॉडी आणि लो ते बॉडी मोजा. दोन्हीकडे हजारांत ओहम हवेत आणि साधारण सारखे. एकीकडे फारच कमी असेल तर ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय.

नंतर कटऑफ जोडा, किल्ली चालू करा, डीसी व्होल्ट मोजा. लाइन गप्प असताना दोन्ही वायरींवर २.५ व्होल्ट. बोलताना हाय ३.५ कडे जाते, लो १.५ कडे येते. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून हाय २.६ ते २.९ आणि लो २.१ ते २.४ असं दिसतं. दोघींची बेरीज ५ च्या जवळपास यायला हवी. दोन्ही अगदी २.५ वर स्थिर असतील तर कोणीच बोलत नाहीये. एखादी २४ वर गेली तर प्लसला चिकटली, शून्यावर गेली तर बॉडीला.

एक गंमत लक्षात ठेवा. लो वायर बॉडीला लागली तरी लाइन बऱ्याचदा लंगडत चालते. हाय लागली तर बसलीच म्हणून समजा.

आणि ६० आले म्हणून लाइन चांगली, असं नाही. जोडकाम करताना हाय-लो उलट लागली तरी ६० च येतात. अर्थ सैल असला तरी ६० च. उन्हात तुटणारा जोड सकाळी मोजला तरी ६० च.

सातपुडा_०२
वाखुसा (वाचनखूण साठवली). त्यात एक भर: बऱ्याच मशीनांत कॅनच्या दोन किंवा तीन वेगवेगळ्या लाइनी असतात. इंजिनची वेगळी, मॉनिटर-कंट्रोलरची वेगळी, टेलिमॅटिक्सची (मशीनची माहिती दूर पाठवणाऱ्या यंत्राची) वेगळी. प्रत्येकीला स्वतःचे दोन टर्मिनेटर. एका लाइनीवर ६० आले म्हणून बाकीच्यांना क्लीन चिट देऊ नका. टर्मिनेटर कुठे कंट्रोलरच्या पोटात असतो, कुठे वायरिंगच्या टोकाला छोटा तीन पिनांचा प्लग असतो. तो प्लग कशालाच जोडलेला दिसत नाही म्हणून 'फालतू' समजून कापलेला आढळतो.

मुरूमखाण
जुन्या केबलवाल्या पोकलेनला हे नखरे नव्हते. केबल ओढली की आरपीएम वाढला.

वायरमन_पाचोरा
@मुरूमखाण, खरंय. पण आता एकच पंप डिझेलचा हिशोब, हायड्रोलिकचा लोड आणि तापमान बघून चालतो. ते सगळं वेगवेगळ्या वायरींनी करायचं म्हटलं तर केबिनच्या तळातून मनगटाएवढा जुडगा न्यावा लागेल. तो जुडगा शोधायला परत आपल्यालाच बसवतील.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. मोजून आलो.
कोड मॉनिटर आणि मशीन कंट्रोलर दोघांचाही, दोन्ही इंजिनच्या नावाने. त्यांचं आपसात ठीक. बॅटरीवर चालू इंजिनला २८.१ डीसी, एसी जवळपास नाहीच. बल्ब लावून प्लसकडे ०.३ आणि अर्थकडे ०.१ व्होल्ट.
डायग्नोस्टिक प्लगवर सी-डी: सकाळी थंड ६०.८ ओहम. दुपारी दोष येताच किल्ली आणि कटऑफ बंद करून, थोडं थांबून १२१.
व्होल्ट दोन्ही वेळेस हाय २.७, लो २.३.

कॅनवाला_भुसावळ
बरोबर शे भो! आता अर्धा शोध संपला. १२१ आणि सोबत इंजिन गायब, ही जोडी नीट वाचा. नुसता टर्मिनेटर गेला असता तर इतक्या आखूड लाइनीवर, २५० किलोबिटच्या वेगाला, मशीन बहुतेक वेळ चालत राहिली असती. अधूनमधून चुका झाल्या असत्या, पण इंजिन पूर्ण बेपत्ता झालं नसतं. इथे इंजिन आणि टर्मिनेटर दोघंही एकदम गेलेत, म्हणजे इंजिनकडे जाणारी मुख्य लाइनच तापल्यावर तुटतेय. व्होल्ट बदलले नाहीत, कारण प्लगच्या बाजूला मॉनिटर आणि मशीन कंट्रोलर आपसात बोलतच आहेत.

खात्री अशी करा. दोष आलेला असताना, सगळं बंद करून, मॉनिटरकडचा टर्मिनेटर (किंवा तो ज्याच्या पोटात आहे तो कंट्रोलर) काढा. आकडा १२१ वरून हजारांत उडाला तर जो दिसत होता तो मॉनिटरकडचा होता, म्हणजे इंजिनकडचा बेपत्ता. आकडा १२१ च राहिला तर उलट.

मग इंजिन ईसीएमचा प्लग काढून तिथली हाय पिन ते डायग्नोस्टिकची सी पिन मोजा, लो ते डी मोजा. अर्ध्या ओहमच्या आसपास यायला हवं. जी वायर तुटलेली निघेल तिच्यावर काम करा.

आणि हे उन्हाची वाट न पाहता सकाळीच करता येतं. हीट गन किंवा साधा केस वाळवायचा ड्रायर घ्या, मीटर जोडलेला ठेवा, मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा मोड) टाका आणि एकेक कनेक्टर तापवत जा. एका वेळी एकच, नाहीतर कोणता तुटला ते कळणार नाही. हे प्लग १२५ अंशांपर्यंत टिकतात, पण गन जवळ धरली तर वायरचं आवरण आधी वितळतं. हाताला सोसवेना एवढी धग पुरे.

आप्पा_हायड्रोलिक
तापवायचा क्रम माझ्या मते असा ठेवा: इंजिन खोलीतून पंप खोलीत किंवा केबिनकडे येणारा बल्कहेड कनेक्टर सगळ्यात आधी. टर्बो आणि एक्झॉस्टजवळून गेलेला वायरिंगचा भाग दुसरा. मग ईसीएमचा स्वतःचा प्लग.
डाव्या कन्सोलखालचा जुडगा इथे कमी संशयित, कारण तो इंजिनच्या बाजूचा नाही. पण एरवी तो पहिल्या नंबरचा गुन्हेगार. ऑपरेटर चढता-उतरता सेफ्टी लिव्हरसोबत कन्सोल उचलतो, तेव्हा वायरी दरवेळी एकाच जागी वाकतात. बाहेरून आवरण धड आणि आत तांबं तुटलेलं. अशी वायर दोन बोटांत धरून ओढली तर त्या जागी रबरासारखी लांबते.

केळीपट्टा_रावेर
ढोबळ प्रश्न आहे, माफ करा. मशीनवर डिझेल चोरी पकडायला बाहेरून बसवलेला जीपीएस असेल तर तोही काढून बघायचा का?

सातपुडा_०२
हो, आणि खरं तर सगळ्यात आधी. कॅनवर बाहेरून काहीही चिकटवलेलं असेल तर ते सोडवून दोन्ही वायरी मूळ स्थितीत आणायच्या आणि मगच पुढचं मोजायचं. कारणं तीन. वायर टोचणाऱ्या क्लिपने जोडलं असेल तर आवरण फुटून पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. दोन-तीन मीटर वायर लोंबती सोडली तर तिच्यावरून लहरी परत येतात. जे१९३९ च्या मूळ नियमात मुख्य लाइनीपासून फांदी जास्तीत जास्त १ मीटर आहे. आणि काही जीपीएसच्या आत १२० चा रेझिस्टर जंपरने चालू असतो, त्याने ४० ओहम येतात. डिझेलचं वाचन हवंच असेल तर वायर न कापता बाहेरून चिमटा बसवून ऐकणारं कॅन रीडर मिळतं, ते लावा.

त्याच पठडीतलं दुसरं: स्वस्त एलईडी वर्क लाइट. त्यांच्या आतलं स्विचिंग सर्किट गोंगाट करतं. लाइट लावल्यावरच संपर्काचा कोड येत असेल तर लाइटची वायर कॅनच्या जुडग्यातून बाहेर काढून वेगळ्या वाटेने न्या.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
मॉनिटरकडचा टर्मिनेटर काढल्यावर आकडा १८ हजार ओहमवर गेला. म्हणजे इंजिनकडची बाजू.
हाय वायर ०.४ ओहम, स्थिर. लो वायर थंड असताना ०.५, बल्कहेड कनेक्टर ड्रायरने तापवून थोडा हलवला की तुटते आणि थंड झाल्यावर परत जुळते. कनेक्टर उघडला. गंज नाही, पाणी नाही. पिना चकचकीत. आता कनेक्टरच बदलू, की आणखी काही बघू?

वायरमन_पाचोरा
चकचकीत पिनांवर जाऊ नका. मादी टर्मिनल सैल झालंय. त्याच मापाची नवी नर पिन घ्या आणि एकेका भोकात घालून ओढून बघा. चांगल्या टर्मिनलमध्ये ओढताना पकड जाणवते. लो च्या भोकात ती सहज निसटेल. तापल्यावर प्लास्टिक फुगतं, जोड थोडा सरकतो आणि आधीच सैल असलेली पकड सुटते.

हे असं का होतं? नव्वद टक्के वेळा आधीच्या कोणीतरी मीटरचं जाड टोक पुढून भोकात खुपसलेलं असतं. टर्मिनलच्या आतलं पकडीचं पान उघडलं की ते परत मिटत नाही. म्हणून मोजायचं तर मागून, सीलच्या कडेने बारीक बॅकप्रोब सरकवून, किंवा योग्य मापाच्या टेस्ट पिनेने. वायरीला सुई टोचायची तर अजिबात नको. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या हंगामात तीच वायर आतून हिरवी होऊन तुटते.

पूर्ण कनेक्टर बदलायची गरज नाही. १६ नंबरच्या साइझचं मादी टर्मिनल वेगळं मिळतं. आधी लॉकचा वेज काढा, आतला कुलपाचा दात बाजूला करा, टर्मिनल मागून बाहेर येईल. नवीन टर्मिनल त्याच्याच क्रिंपरने दाबा, पक्कडीने चेपू नका. मुलामा जोडीचा सारखा हवा. एकीकडे सोनेरी आणि दुसरीकडे कथिलाची पिन असली तर थरथरीत घासून काळी भुकटी तयार होते. हाय वायरचं टर्मिनलही त्याच बैठकीत बदलून टाका, ते पण कोणीतरी खुपसलेलंच असणार. वेज परत नीट बसल्याशिवाय प्लग लावू नका, नाहीतर पिन मागे ढकलली जाते आणि तीच तक्रार परत.

मुरूमखाण
पानं सुईने आत दाबून घट्ट केली तर?

वायरमन_पाचोरा
काम चालेल, पुढच्या मे महिन्यापर्यंत. पानाचा स्प्रिंगपणा गेलेला असतो, दाबून तो परत येत नाही.

कॅनवाला_भुसावळ
वायर कमी पडली आणि जोड द्यावा लागला तर तेवढं सांगतो. हाय आणि लो चे जोड समोरासमोर नकोत, एक-दीड इंच पुढेमागे ठेवा. क्रिंप स्लीव्ह आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. सोल्डर केलं तर कथिल वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि मशीनच्या थरथरीत त्याच्या कडेला तुटतो. ज्यांना सोल्डरचाच हट्ट आहे त्यांनी निदान जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधावी. काळी टेप इथल्या उन्हात दोन महिन्यांत चिकट रस्सा होते, तिच्या भरवशावर काही सोडू नका.

पीळ सोडू नका. साधारण २५-३० मिलिमीटरला एक पीळ असतो, तो कनेक्टरपर्यंत न्या. उलगडलेला भाग दोन इंचांच्या आत. सरळ वायर टाकली तर सोलेनॉइड उडाला की त्याचा झटका एकाच वायरीवर जास्त बसतो. पीळ असला की दोघींवर सारखा बसतो आणि फरक शून्य राहतो, कंट्रोलर फरकच वाचतो.

डायइलेक्ट्रिक ग्रीस सीलच्या रबराला थोडं लावा. पिनांच्या डबीत भरून टाकू नका, धूळ धरून तिचा लगदा होतो. पिनांसाठी फक्त कॉन्टॅक्ट क्लीनर. पॉलिश पेपर मारला तर मुलामा जातो.

सातपुडा_०२
लॅपटॉप मागवणार असाल तर दुरुस्तीनंतर एकदा लाइन ऐकून घ्या. टूल 'फक्त ऐकणे' मोडवर ठेवा आणि वेग २५० किलोबिट आहे की ५०० हे आधी ठरवा. डायग्नोस्टिक प्लग काळा असेल तर बहुधा २५०, हिरवा असेल तर ५००. चुकीच्या वेगाचं टूल बोलत्या मोडवर जोडलं तर चालती लाइन तुम्हीच पाडता.

इंजिनच्या आरपीएमचा निरोप '०सीएफ००४००' या नंबरने येतो. त्यातली चौथी आणि पाचवी बाइट म्हणजे आरपीएम, एका आकड्याला ०.१२५. १५०० आरपीएमला १२००० आकडा येईल, आणि लहान बाइट आधी येते म्हणून 'ई० २ई' असं दिसेल. इंजिनच्या चालू दोषांचा निरोप '१८एफईसीए००' वर. मॉनिटरच्या बाजूला बसून ऐकताना बाकी निरोप चालू आणि फक्त शेवटी ०० असलेले गायब झाले, तर इंजिनकडची लाइन तुटली हे मीटर न लावताच समजतं.

स्कोप मिळालाच तर बघायचं एवढंच: २५० ला एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा असतो. हाय वर आणि लो खाली, एकमेकींच्या आरशासारख्या. टर्मिनेटर नसला तर बिटाची खाली येणारी कड तिरकी होते किंवा थरथरते.

केळीपट्टा_रावेर
आणि ईसीएमच खरा गेलाय हे कधी म्हणायचं?

आप्पा_हायड्रोलिक
सप्लाय आणि अर्थ बल्बवर पास, लाइन त्याच्या प्लगपर्यंत ६० ओहम, हाय-लो उलट नाहीत, आणि तरी तो बोलत नाही, तेव्हा. किंवा त्याचा प्लग काढला की लाइन सुधारते आणि लावला की बसते, पुन्हा पुन्हा. पण त्याच्या पोटात टर्मिनेटर असेल तर प्लग काढल्यावर १२० होणारच, त्याने गोंधळू नका. तात्पुरता १२० ओहम पाव वॅटचा रेझिस्टर त्या दोन पिनांत लावा आणि मग बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहापेक्षा स्वस्त मिळतो, दोन-चार पेटीत ठेवा.

ईसीएम बदलला तरी नुसता बसवून भागत नाही. त्यात त्या इंजिनचा डेटा आणि इंजेक्टरचे कोड भरावे लागतात. भंगारातला जुना आणून लावला तर इंजिन धूर टाकेल किंवा सुरूच होणार नाही, आणि मूळ बिघाड वायरीत असेल तर तोही तसाच राहील.

ईसीएम जाळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे बकेटच्या दातांना मशीनवरच वेल्डिंग. गाळाच्या कामावर दात रोज तुटतात म्हणून लोक सरळ मशीन आणून उभी करतात. किल्ली बंद, कटऑफ बंद, बॅटरीचा मायनस वेगळा, कंट्रोलरचे प्लग काढलेले, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प बकेटवरच, वेल्डच्या अगदी जवळ. क्लॅम्प ट्रॅकला लावून बकेटवर वेल्ड केलं तर करंट पिन-बुश आणि स्ल्यू बेअरिंगमधून जातो, वाटेत वायरिंगचा अर्थ सापडला तर त्यातूनही.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
लो चं टर्मिनल खरंच सैल होतं, नवी पिन आपोआप गळून पडत होती. दोन्ही टर्मिनल बदलली. तापवून, हलवून मिन-मॅक्स ६०.५ ते ६०.९. दुपारच्या उन्हात लोडवर चालवली, आरपीएम उतरला नाही, कोड नाही. ईसीएमचा खर्च वाचला.
शेवटचं एक विचारतो. पावसाळ्यात मशीन उभी राहणार. उंदरांचं काय करायचं?

केळीपट्टा_रावेर
मका-कपाशीच्या गंजीपासून लांब उभी करा, ही निम्मी उपाययोजना. डांबर गोळ्या आठवडाभर, नंतर उंदीर त्यांच्या शेजारी झोपतो.

वायरमन_पाचोरा
बेली प्लेट काढून तळातलं पाचट-गवत साफ करा, घरटं तिथेच होतं. इंजिन खोलीतून केबिनमध्ये जाणाऱ्या वायरींचे रबर ग्रोमेट तपासा, फाटलेले बदला, मोकळं भोक पत्र्याने बंद करा. कॅनच्या वायरींवर स्टीलची जाळीची नळी चढवता येते, पण टोकं टेपने बंद करा, नाहीतर जाळीचे तार वायरीलाच खातात. प्रेशर वॉशरने कनेक्टरवर थेट मारा करू नका, काळ्या मातीचा चिखल असला तरी. रिकाम्या पिनांच्या भोकात सीलचे बूच आहेत का तेवढं बघा, एखादं हरवलं असेल तर पाणी त्याच भोकातून आत शिरतं.
मशीन उभी करताना कटऑफ काढून ठेवा, आणि दोन्ही बॅटऱ्या महिन्यातून एकदा चार्ज करा. हंगामात पहिल्या स्टार्टला बॅटरी फार खाली गेली तर कंट्रोलर मध्येच रीसेट होऊन तेच ६३९ नोंदवतील. तेव्हा लगेच वायरिंग उघडायला बसू नका. आधी स्टार्टर फिरताना बॅटरीवर किती व्होल्ट राहतात ते मोजा. १८ च्या खाली जात असेल तर बॅटरी आणि तिच्या लग्ज बघा, कोड पुसा आणि परत येतो का ते पाहा.